छाटणीसाठी रेसिप्रो सॉचं ब्लेड: टिकणारं म्हणजे नक्की कुठलं घ्यायचं

विचारणाऱ्या दादांची अडचण आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ते पुण्यात कोथरूड-बाणेर भागात सोसायट्यांची छाटणीची कामं घेतात, १८ व्होल्टचं बॅटरीवालं रेसिप्रो सॉ, म्हणजे ब्लेड मागेपुढे चालवणारं करवतीचं मशीन आहे, हाताखाली दोन पोरं आहेत, आणि एक ब्लेड धड दिवसभरही पुरत नाही. दुकानदार म्हणतो कार्बाइडचं, म्हणजे अतिकठीण कार्बाइडचे दात बसवलेलं घ्या, परत बघायला नको. तर ते घ्यावं का, आणि सगळ्यात जास्त टिकणारं ब्लेड कुठलं?

दादा, उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागून सांगतो. हिरव्या, जित्या फांदीसाठी हाय कार्बन स्टीलचं प्रूनिंग म्हणजे छाटणीचं ब्लेड, दात मोठे, धार घासून काढलेली, लांबी २३० ते २४० मिमी. वाळक्या, टणक आणि खिळा असण्याची शंका असलेल्या लाकडासाठी बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं. कार्बाइड एखादं पेटीत असू द्या, ते कुठे लागतं ते पुढे येईल, पण रोजच्या हिरव्या छाटणीला ते घेऊ नका. आणि तुमचं ब्लेड दिवसात जातंय ते मला घासून गेलेलं वाटत नाही. ते एकतर तापून गेलंय नाहीतर वाकून. या दोन्ही गोष्टी कितीही महागाच्या ब्लेडला होतात, त्यामुळे नुसतं ब्लेड बदललंत तर अर्धाच प्रश्न सुटेल.

मी स्वतः वीसेक वर्षं झाडावर चढून कामं केली, आता जास्त करून खालून पोरांना सांगतो. हे मशीन हातात आलं तेव्हा मीही दुकानात जाऊन सगळ्यात टिकाऊ ब्लेड द्या एवढंच म्हणायचो आणि तो देईल ते घ्यायचो. एकदा एका सोसायटीत गुलमोहराच्या फांद्या काढायच्या होत्या, पेटीत पाडकामाचं जाड बायमेटल होतं, तेच लावलं. ब्लेडला काही झालं नाही, चार दिवस चाललं, मी खूश. पण कट कसे होते, तर तोंडाला फुटलेला ब्रश दिसतो तसे, रेषा रेषा बाहेर आलेल्या, खालची साल वीतभर सोललेली. पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो तर त्यातल्या बऱ्याच जखमा भरल्याच नव्हत्या, दोन ठिकाणी आत भुसभुशीत झालं होतं. ते झाड मी बिघडवलं. तेव्हापासून टिकाऊपणाचा माझा हिशोब वेगळा आहे. ब्लेड तुटेपर्यंत किती दिवस चाललं ते मी मोजत नाही, झाडाला स्वच्छ कट किती दिले ते मोजतो.

आता दुकानात काय बघायचं. बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे रेसिप्रो सॉचं ब्लेड मागितलं की बहुतेक वेळा लोखंड, पाइप नाहीतर पाडकामाचं ब्लेड पुढे येतं. त्यात दुकानदाराची फार चूक नाही, हे मशीन मुळात त्याच कामासाठी आलं, अमेरिकेत मिलवॉकीने १९५१ मध्ये सॉझॉल नावाने पहिलं आणलं ते प्लंबर-इलेक्ट्रिशियन आणि फोडाफोडी करणाऱ्यांसाठी. झाडावर ते नंतर चढलं. म्हणून आपल्यालाच मागता आलं पाहिजे. पाकिटावर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात दात किती. लोखंडाचं १४, १८, २४ असं असतं, ते छाटणीला हातातसुद्धा घेऊ नका. लाकूड आणि खिळे मिळून कापायचं साधारण ६ ते १०. छाटणीचं ३ ते ६. काही कंपन्या टीपीआय न लिहिता दोन दातांमधलं अंतर मिमीमध्ये लिहितात, तर ५ टीपीआय म्हणजे सुमारे ५ मिमी आणि ३ टीपीआय म्हणजे सुमारे साडेआठ मिमी, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

मोठे दात का, ते समजून घ्या कारण सगळं त्याच्यावरच आहे. हिरव्या लाकडाचा भुसा कोरडा नसतो, ओला असतो, कणकेसारखा. दोन दातांच्या मधली खोबण लहान असली की एका फेरीतच ती भरते, मग दात लाकडाला लागतच नाहीत, नुसतं भुसा भरलेलं पातं लाकडावर घासत राहतं. घासलं की तापतं, तापलं की चीक आणि रस त्यावर जळून चिकटतो, मग अजून घासतं. पोरगं वरून जोर लावतं, मशीन कण्हतं, बॅटरी उतरते, आणि संध्याकाळी आपण म्हणतो ब्लेडच भिकार निघालं. खोबण खोल असेल तर तोच भुसा बाहेर पडतो आणि ब्लेड थंड राहतं. दुसरं म्हणजे हिरवं लाकूड फुगतं आणि फांदीच्या वजनाने काप मिटायला बघतो, म्हणून दात एकाआड एक डावी-उजवीकडे नीट वळवलेले पाहिजेत, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो. बोट फिरवून बघू नका, डोळ्यासमोर ब्लेड आडवं धरून टोकाकडून बघा, लगेच कळतं.

मग धार. स्वस्त ब्लेडांचे दात नुसते ठोकून पाडलेले असतात. चांगल्या प्रूनिंग ब्लेडचे दात दगडावर घासून धार काढलेले असतात, आणि जपानी हातकरवतीला असते तशी तीन बाजूंनी धार असेल तर फारच छान, कारण तो दात रेषा ओरबाडत नाही, चाकूसारखा कापतो. उजेडात धरलं की त्या घासलेल्या बाजू चमकतात. बॉशचं एस १५३१ एल हे त्यातलं आपल्याकडे माहितीतलं, २४० मिमी, हाय कार्बन स्टील, ओल्या लाकडासाठीच केलेलं. त्याच धर्तीचं दुसऱ्या कंपनीचं मिळालं तरी चालतं, मागचं शँक म्हणजे मशीनमध्ये जाणारं टोक आता सगळ्यांचं जवळपास एकसारखंच असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, धातू कुठला. पाकिटावर एचसीएस लिहिलं असेल तर हाय कार्बन स्टील, बीआयएम म्हणजे बायमेटल. हाय कार्बन स्टील लवचिक असतं, धार फार छान घेतं, स्वस्त असतं, पण त्याचा शत्रू उष्णता. साधारण २०० अंशांच्या पुढे ते नरम पडायला लागतं, आणि एकदा नरम पडलं की संपलं, थंड झाल्यावर कडकपणा परत येत नाही. बायमेटलमध्ये पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची, दोन्ही वेल्डिंगने जोडलेलं. हायस्पीड स्टील ५०० अंशांच्या वर गेलं तरी कडक राहतं, म्हणून खिळ्याला लागलं, वाळकं लाकूड कापलं तरी ते तग धरतं. दुकानदार बायमेटल जास्त टिकतं म्हणतो ते खोटं नाही. पण बाजारातली बरीचशी बायमेटल ब्लेडं पाडकामासाठी आहेत, दात बारके आणि ठोकळ, त्याने हिरवी फांदी कापली की माझ्या गुलमोहराचं झालं तेच होतं. ५ टीपीआयचं, खोल खोबणीचं, प्रूनिंग लिहिलेलं बायमेटल मिळालं तर जरूर घ्या, ते आपल्या कामाचं आहे.

तुमचं ब्लेड कशाने गेलं हे त्यालाच विचारा. जुनं ब्लेड रॉकेलने पुसून दातांची टोकं बघा. पिवळसर तांबूस झाली असतील तर २२०-२४० अंशांपर्यंत तापलं होतं, निळी झाली असतील तर ३०० च्या आसपास. लोहाराला हे रंग पाठ असतात. फक्त एक लक्षात घ्या, काही नव्या कोऱ्या ब्लेडांच्या दातांची टोकंच काळपट-निळी असतात, ते कारखान्यात मुद्दाम केलेलं हार्डनिंग आहे, तो दोष नव्हे. तसल्या दातांना कानस लागत नाही, उगाच कानस खराब करू नका. रंग सगळा बदललाय आणि दात गोल झालेत तर उष्णतेने गेलं. रंग शाबूत, धार शाबूत पण पातं वाकडं, तर चूक हाताची आहे. आणि एकाच ठिकाणचे चार-पाच दात उडालेत, बाकीचे छान, तर खिळा किंवा तार लागली.

खिळे-तारांचं पुण्यात फार आहे. रस्त्याकडेच्या झाडांना पाट्या ठोकलेल्या, दिवाळीच्या माळांच्या तारा, केबलच्या तारा, त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि झाड त्यावर साल चढवून घेतं, बाहेरून दिसतही नाही. मध्यंतरी शहरात खिळेमुक्त झाडांची मोहीम झाली, लोकांनी स्वतः पक्कड घेऊन खिळे काढले, फार चांगलं काम झालं, पण आत गेलेला खिळा कोण काढणार. माझा नियम असा की खोडावर आणि माणसाचा शिडीवरून हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत प्रूनिंग ब्लेड लावायचंच नाही, तिथे बायमेटल. वडाला वटपौर्णिमेचं सूत गुंडाळलेलं असतं, ते आधी हाताने सोडवून घ्या, दातात अडकलं की ब्लेडभोवती गुंडाळून चकपर्यंत, म्हणजे मशीनच्या ब्लेड धरणाऱ्या तोंडापर्यंत जातं. आणि हायवेकडेच्या झाडांची साल धुळीने माखलेली असते, ती धूळ म्हणजे बारीक वाळूच, दातांना कानशीसारखी खाते. कापायच्या जागी ब्रश मारायला दहा सेकंद लागतात.

कार्बाइड कुठे, तर अशा खिळ्यांच्या जुन्या खोडांना, मातीतली मुळं कापायची असतील तिथे, आणि नारळाच्या वाळक्या खोडाला, ज्याचा बाहेरचा थर भलताच चिवट आणि टणक असतो. कार्बाइड लवकर झिजत नाही पण ठिसूळ असतं. त्याच्या दाताला चाकूसारखी बारीक धार काढता येत नाही, काढली तर ती उडते, म्हणून दात जरा बोथट कोनाचाच ठेवावा लागतो. तो दात अंगठ्याएवढ्या हिरव्या फांदीवर लावला की फांदी कापायच्या आधी हलायलाच लागते. त्यात फांदीत पातं चिमटलं, वाकलं, की ते महागाचं ब्लेड गेलं. वाकलेलं हाय कार्बन ब्लेड सपाट दगडावर ठोकून एकदा-दोनदा सरळ करता येतं, शँकजवळ तडा नाही ना ते बघून. कार्बाइडवर तसं ठोकायला गेलात तर दातच निखळतात.

झाडानुसार फरक पडतोच. गुलमोहर, वर्षावृक्ष, शेवगा, उंच वाढणारा अशोक, हे मऊ आणि ओले, इथे ३ ते ४ टीपीआय चालतं आणि काम झरझर होतं. आंबा, कडुनिंब, करंज, सुबाभूळ मध्यम, ५ टीपीआय. बाभूळ आणि चिंच, त्यातून चिंचेचा गाभा, हे दात बघणारं लाकूड आहे, इथे बायमेटल ५-६ टीपीआय आणि हळू. वड, पिंपळ, उंबर चिकाचे, कापताना सोपे वाटतात पण दर काही फांद्यांनी थांबून ब्लेड पुसलं नाही तर चीक पांढऱ्या गोंदासारखा खोबणीत भरतो. आंब्याचा चीक ब्लेडपेक्षा कातडीला वाईट, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. बांबू एकदम वेगळा, त्यात सिलिका असते ती धार खाते, आणि मोठ्या दाताने तो चिरफाळतो, तिथे ८-१० टीपीआयचं बायमेटल.

लांबीत लोक फार चुकतात. ब्लेड जेवढं लांब तेवढं चांगलं असं नाही. ब्लेड मागेपुढे साधारण २८ ते ३२ मिमी जातं, आणि मागे आलं तरी त्याचं टोक फांदीच्या पलीकडे थोडं बाहेर राहिलं पाहिजे. टोक फांदीच्या आत राहिलं तर प्रत्येक फेरीला ते लाकडावर आदळतं आणि पातं तिथेच वाकतं. मशीनच्या पुढे जी पत्र्याची शू असते तीही जागा खाते. म्हणून फांदीची जाडी अधिक ६०-७० मिमी असा ढोबळ हिशोब धरा. चार इंचाच्या फांदीला १५० मिमीचं ब्लेड तोकडं, २३० मिमीचं बरोबर. ३०० मिमीचं जाड फांदीलाच, कारण बारक्या फांदीवर ते थरथरतं, पलीकडच्या चांगल्या फांदीला भोसकतं. दाट झाडात आत शिरून काम करताना मात्र १५० मिमी सोन्यासारखं. जाडी ०.९ मिमी असेल तर ते फार लवतं, मी छाटणीला सव्वा मिमी किंवा त्याच्या वरचंच घेतो.

आणि आता हाताचं सांगतो, कारण तुमचे पैसे इथे जातायत असं मला मनापासून वाटतं. पोरांना बघा, फांदीला ब्लेड लावतात आणि शू हवेतच. मग ब्लेड फांदीला हलवतं, मशीन माणसाला हलवतं, आणि कापणं होतच नाही. शू फांदीला घट्ट टेकवा, तिथेच निम्मा त्रास जातो, ब्लेड चकजवळ तुटणंही थांबतं. ट्रिगर हळू दाबून सुरुवात करा, खाच पडली की वेग द्या. जोर लावू नका, वरून कापताना मशीनचं वजनच पुरतं, मनगटाने जरासं झुलवत न्या म्हणजे एका वेळी थोडेच दात लाकडात राहतात आणि भुसा पडायला जागा मिळते. मशीनला ऑर्बिटलचा, म्हणजे पातं मागेपुढे जाता जाता थोडं झुलवणारा खटका असेल तर हिरव्या लाकडाला तो चालू ठेवा, शेवटच्या कटाला बंद. फांदी मनगटापेक्षा जाड असेल तर एका कटात कधीच नाही. आधी खोडापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश कट, मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते, आणि मग उरलेलं खुंट. वजन आधीच उतरल्यामुळे ब्लेड चिमटत नाही. माझी ब्लेडं वाकणं या एका सवयीने जवळपास थांबलं.

तो शेवटचा कट खोडाला चिकटून घ्यायचा नाही आणि खुंटही लांब ठेवायचा नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथे फुगीर कडं असतं, त्याच्या अगदी बाहेरून. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं, झाड माणसासारखी जखम आतून भरून काढत नाही, ते सडलेला भाग भिंती घालून कोंडतं, आणि त्यातली महत्त्वाची भिंत त्या कड्यात असते. १९७७ मध्ये त्यांनी हे मांडलं. कडं कापलं की ती भिंतच गेली. जखमेवर डांबर किंवा रंग फासूनही सड थांबत नाही हेही त्यांचंच, तरी सोसायटीवाले गेरू लावा म्हणतात, मी नम्रपणे समजावून सांगतो. मोलाचं झाड असेल तर हा शेवटचा कट मी मशीनने घेतच नाही, घडीच्या हातकरवतीने घेतो. दोन मिनिटं जास्त जातात, पण कट काचेसारखा येतो, आणि मशीनच्या ब्लेडवरचा भारही तेवढा कमी होतो.

देखभाल थोडक्यात. रोज संध्याकाळी रॉकेल किंवा डिझेलने चीक पुसायचा, कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा, हाय कार्बन ब्लेड पावसाळ्यात एका रात्रीत गंजतं. ब्लेडं डब्यात सुटी टाकू नका, दातावर दात आपटतात, जुन्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ठेवा. रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना ७० टक्के अल्कोहोलने पुसा, ब्लीच नको, ते लोखंड खातं. ब्लेड बदलताना बॅटरी आधी काढा, आणि नुकतं थांबलेलं ब्लेड उघड्या हाताने धरू नका. विजेच्या वायरीजवळ काम असेल तर लाइन बंद झाल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका, एवढ्या लांब लोखंडी पात्याला वायर लागायला क्षण पुरतो. आणि फांद्या तोडायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी सोसायटीकडे आहे का ते कागद बघूनच खात्री करा, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आलंय. नंतर भांडण झालं तर मशीन तुमच्या हातात असतं.

पैशांचा हिशोब करायचाच असेल तर एक वही करा. ब्लेडवर मार्करने नंबर टाका, लावल्याची तारीख, कुठलं झाड, साधारण किती कट, आणि कशामुळे काढलं. एक सीझन लिहिलंत की तुमचं तुम्हालाच दिसेल. समजा एक ब्लेड दुसऱ्याच्या तिप्पट किमतीचं आहे आणि दुप्पटच कट देतंय, तर ते टिकाऊ असूनही महाग पडलं. ब्लेड कधी काढायचं याची माझी खूण भुशावरून. धारदार ब्लेड हिरव्या लाकडातून बारीक ढलप्या काढतं, त्या बोटात धरता येतात. पीठ पडायला लागलं किंवा जळका वास आला की ते जित्या झाडावरून उतरवायचं. फेकायचं नाही, पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला, खोड-मुळांना तेच वापरायचं. आमच्याकडे प्रत्येक ब्लेडची अशी दोन आयुष्यं होतात.

मे महिन्यात वळवाच्या आधीची कामं सुरू होतील, तेव्हा तुमच्या तिघांच्या टीमसाठी मी असं घेईन: २४० मिमीची प्रूनिंग ब्लेडं दहा, १५० मिमीची तीन-चार, ५-६ टीपीआयची बायमेटल पाच, आणि ३०० मिमी कार्बाइड एक. पाच-पाचच्या पॅकमध्ये घेतलीत तर स्वस्त पडतात. बायमेटल घेताना दातांच्या खाली बारीक जोडाची रेघ, दोन रंगांच्या धातूंची, दिसते का ते बघून घ्या, वरून रंग मारलेला असेल तर पाकिटावर बीआयएम लिहिलंय का ते बघा. तेही नसेल तर त्या दुकानातून घेऊ नका, पुढच्या दुकानात जा.